पट्टीवरचा आकडा

आण्णाप्पा मगदूम बंधाऱ्यावर पाणी मोजायचा.
पहाटे पाचला, दुपारी, रात्री,
टॉर्च पट्टीवर मारून
भिजक्या वहीत फूट-इंच लिहायचा.
सातवी नापास.
धुक्यात पट्टी दिसली नाही, तर त्या रकान्यात लिहायचा,
'दिसलं नाही.'

मी भूगोल शिकवला. बत्तीस वर्षं.
फळ्यावर पंचगंगा काढायचो:
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
आणि पाचवी सरस्वती, जी कुणीच पाहिलेली नाही,
तीही त्याच खडूनं, तेवढीच ठळक.
एकाही पोरानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर खाली बस म्हणालो असतो.

त्या रात्री साडेअकराला फोनवर एक आवाज आला.
चौतीस सेकंद. दम लागलेला माणूस,
मागं कुत्रं भुंकत होतं.
'वरचं धरण फुटलंय. जीव वाचवा. पुढं पाठवा.'
पाणी तेव्हा एकतीस फुटांवर होतं आणि उतरत होतं.
आण्णाप्पाचा नंबर माझ्याकडं होता.
मी त्याला फोन केला नाही.
तो आवाज पुढं पाठवला, आधी चौदा जणांना,
मग दोनशे जणांना,
आणि खाली लिहिलं, 'खात्रीची बातमी.'

वर्गात आम्ही अज्ञानाला अंधार म्हणायचो.
अंधारात माणूस निदान भिंत चाचपत चालतो.
त्या रात्री शुक्रवार पेठेत
एकूण एक दिवा लागलेला होता.

शिट्टी होत असलेला कुकर तसाच उचलून कुणी पळालं.
तालमीच्या पोरांनी गोठ्यातल्या म्हशी सोडल्या.
अक्काताई लोहार जिन्यात घसरली, खुब्याचं हाड गेलं.
मुजावरांची जमीला आंधळ्या सासऱ्याला पाठुंगळी घेऊन
चढानं वर गेली, वाटेत दोनदा टेकली.
दोन वाजता दुसरा आवाज आला:
दरवाजा कुणी उघडला, त्याचं नावच होतं त्यात.
नाव शोधावं लागलं नव्हतं.
ते आमच्याकडं कधीपासून तयार होतं.
उजाडताना जमीला परतली तेव्हा
छत्री दुरुस्तीच्या दुकानाचं शटर
मधोमध आत गेलेलं होतं.
आणि गल्ली कोरडी. ठणठणीत.

मी ते सगळं फोनमधून पुसलं.
चहाच्या टपरीवर म्हणालो, 'लोक अडाणी आहेत.'

अकराव्या दिवशी पाणी खरंच चढलं.
आण्णाप्पा सायकल ढकलत गल्लीगल्लीतून ओरडत आला,
'त्रेचाळीस झालं, निघा, निघा की!'
गॅलरीतून हसू आलं,
'काय मगदूम, परत फुटलं व्हय?'
कुणीतरी शिट्टी मारली.
मी खिडकीत होतो.
मला आवाज द्यायला हवा होता.
पण माझ्या आवाजाला आता कोण विचारतं,
असं मनाशी म्हणत मी कडी घातली,
आणि त्यालाच शहाणपण समजलो.

पहिल्या वेळी सोडलेल्या म्हशी
या वेळी दाव्यालाच राहिल्या.
रात्रभर ऐकू येत होत्या.
पहाटे नाही.

ओसरल्यावर बंधाऱ्यावर गेलो.
आण्णाप्पानं काही विचारलं नाही. वही दाखवली.
त्या रात्रीचा रकाना: एकतीस फूट चार इंच.
बाकी काही नाही.
मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाला,
'वाचा बघू, सर.'
धुकं होतं. चष्म्यावर पाणी.
मी म्हणालो, 'अठ्ठावीस तरी असेल.'
'असेल न्हाई. दिसतंय काय?'
मी बराच वेळ बघत राहिलो.
खाली नुसतं गढूळ पाणी, एक चप्पल फिरत होती त्यात.
'नाही,' म्हणालो. 'दिसत नाही.'
'मग तसंच लिवा.'

पेन ओलं होतं.
दोनदा झटकावं लागलं.